पाणी काय म्हणता?

"पाणी काय म्हणता?"

आला की आधी हेच. रामराम नाही, नमस्कार नाही. शर्टाची बाही वर सारायची, कोपरापर्यंत हात पाण्यात घालायचा, डोळे मिटायचे आणि विचारायचं. हौद असो, टाकी असो, पाटाचं पाणी असो, नाहीतर आमच्या धरणाचा फुगवटा असो, त्याला सगळं सारखंच.

पहिल्यांदा त्यानं मला विचारलं तेव्हा मी लोणी देवकरच्या एका कारखान्याच्या गेटवर वॉचमन होतो. गेटाशेजारी आगीसाठी पाण्याचा हौद भरून ठेवलेला असायचा. नवीन फिटर आला, हौदात हात घातला आणि माझ्याकडं बघून म्हणाला, "पाणी काय म्हणता?"

मी म्हणालो, "आमी पाण्याला पाणीच म्हणतो. तुमच्याकडं काय म्हणत्यात?"

तो हसला नाही. मलाच चार दिवसांनी कळलं, की कोकणात 'म्हणता' म्हणजे 'म्हणतं'. तो मला विचारतच नव्हता. त्याचं बोलणं पाण्याशी होतं आणि मी मधेच तोंड घातलं होतं.

त्याचं नाव लिहीत नाही. आपलं नाव कुठं आलेलं त्याला चालायचं नाही. हजेरीच्या वहीतसुद्धा सही अशी करायचा की मुंगी शाईत पडून चालत गेलीय. सगळे त्याला फिटर म्हणायचे, मीही फिटरच म्हणायचो. तो मला आबानू म्हणायचा. आमच्याकडं नुसतं आबा म्हणतात. त्या 'नू'नं मला पहिल्यांदा हसू यायचं, पुढं पुढं दुसऱ्या कुणी नुसतं आबा म्हटलं तर काहीतरी कमी पडल्यासारखं वाटायला लागलं.

मी चौथी शिकलेला माणूस. लिहायचा सराव नाही. पण तुम्हीही अशी माणसं बघितली असतील, की जी गावात येऊन दहा वर्षं राहतात आणि गावाला पत्ता लागत नाही. तो तसा होता. आमच्या वरकुट्यात एक खोली भाड्यानं घेतली होती. लग्न केलेलं नव्हतं. कारखान्यातले पंप, पाइप, वॉल ह्यांचं काम. सुट्टी असली की धरणाच्या काठाला जाऊन उभा राहायचा.

"काय बघताय?" मी विचारायचो.

"एवढा पाणी आणि एक लाट नाय," तो म्हणायचा. "माणसान झोपेत चालल्यासारखा वाटता."

आमच्या कारभारणीला तो आवडायचा. तिचा हात सढळ होता. तिनं एकदा त्याला चिलापीचं कालवण वाढलं. धरणात तीच मासळी जास्त. त्यानं एक घास खाल्ला आणि दुसरा चिवडत बसला.

ती म्हणाली, "का, मीठ कमी हाय?"

"मीठ बरोबर आसा वहिनी. मासळीच अळणी. आणि ही हितली नाय. ही बाहेरसून आलेली."

मी म्हणालो, "तुमी पण बाहेरचंच की."

"मी एकटाच आसंय आबानू," तो म्हणाला. "मी वाढणारा नाय."

कारभारीण पदर तोंडाला लावून हसली. तो गेल्यावर मात्र मला म्हणाली, "असं टोचून बोलू नका. त्याच्या पोटात कायतरी हाय." मी म्हणालो, चिलापी हाय. तेव्हा मला टोचून बोलायची सवय होती. अजून आहे.

त्याच्या गावाकडची गोष्ट तो तुकड्यातुकड्यानं सांगायचा. समुद्राकाठचं गाव, बाजूला खाडी. वडील, भाऊ, सगळी वाडी मिळून काठावरनं मोठं जाळं ओढायची. त्याला ते रापण म्हणतात. तारली, बांगडे असे यायचे की टोपल्या पुरायच्या नाहीत. मग समुद्राचं पाणी तापायला लागलं. तो सांगायचा, की पाणी कोमट झालं की तारली खोल जाते, लांब जाते, थंड पाणी हुडकत. जाळं ओढायला तितकीच माणसं, तितकाच जोर, आणि जाळ्यात येणार काय, तर गिळगिळीत जेलीफिश आणि प्लॅस्टिक.

"आणि खाडी?" मी विचारलं.

खाडीत खडकाला चिकटून कालवं असायची, शिंपल्यातला खायचा जीव. त्याची आई ओहोटीला जाऊन ती टोचून काढायची. त्यावर घर चालायचं. मग मोठ्या बोटींच्या बुडाला चिकटून परमुलखातली काळी शिंपलं आली. आधी एका खांबावर बोटभर. मग धक्क्याचे सगळे खांब, सगळे खडक, दोऱ्यासुद्धा काळ्या. कालवांना धरायला जागा राहिली नाही. ज्या खडकावर आई बसायची तो हाताला लागेनासा झाला, इतके थर.

हे सांगताना तो नेहमी एका ठिकाणी थांबायचा. "आधी एका खांबावर बोटभर," एवढं म्हणून विडी पेटवायचा. मला वाटायचं, दम लागतो.

मग आमच्या घरात दुखणं आलं. कारभारणीच्या किडन्या गेल्या. आठवड्याला तीनदा डायलिसिस, म्हणून तिला बारामतीला पोराच्या घरी ठेवली. पोरगा तिथं एमआयडीसीत दुधाच्या कारखान्यात आहे. त्याच्या हॉलमध्ये काचेची टाकी होती, रंगीत मासे. रंगीत एकेक करून मेले. उरले ते दोन काळे, काच चाटणारे. टाकी साफ ठेवतात म्हणून दुकानदारानं दिलेले. एक ह्या काचेला तोंड लावून, एक त्या काचेला. एकमेकांकडं पाठ. कारभारीण म्हणायची, "ह्या जावाजावा हायत. ही थोरली, ती धाकटी. बोलत न्हायत, पण घर दोघी पुसत्यात."

सुया टोचून आली की टाकीपुढं खुर्ची टाकून बसायची. माझ्याशी बोलली नसेल तेवढी त्या दोघींशी बोलली. एक वर्ष आणि थोडे दिवस. मग गेली.

फिटर मातीला आला होता. नंतर घरीही आला. लोक येतात, बसतात, 'देवाची मर्जी' म्हणतात, चहा घेतात. तो काही बोलला नाही. मोरीतला नळ गळत होता, तो त्यानं पान्हा काढून दुरुस्त केला, हात पुसले आणि गेला. त्या आठवड्यात मला आधार वाटला असेल तर तो त्या नळाचा. रात्रंदिवस टपटप चालायची ती थांबली.

तेराव्याला पोरगा म्हणाला, टाकी काढून टाकतो, बघवत नाही. मी म्हणालो, त्या दोघींना मी नेतो. आमच्याकडं मेलेल्या माणसाच्या नावानं जीव सोडतात. कुणी पाखरू सोडतं, कुणी वासरू. मला वाटलं, तिच्या जावा काचेतनं सुटल्या तर तीही कुठंतरी सुटली असेल. रंगाच्या बादलीत घालून एसटीनं आणल्या आणि आमच्या शेततळ्यात सोडल्या. हात जोडले. बरं वाटलं. खरं सांगतो, तिच्या मागं मला पहिल्यांदा त्या दिवशी बरं वाटलं.

आठ-नऊ महिने गेले. उन्हाळ्यात एकदा फिटरला शोधत धरणाच्या काठाला गेलो. पाणी हिरवं आणि उबट झालं होतं, वास मारत होतं. एक मच्छीमार जाळं उलगडत बसला होता. जाळ्यात हातभर लांब काळा मासा, अंगावर चिलखत, काटे जाळ्यात अडकलेले. त्यानं शिवी घातली, मासा सोडवला आणि परत पाण्यात फेकायला हात उगारला.

फिटर ओरडला, "वर टाक. वर. लांब टाक."

"ह्याला कुत्रं पण खात न्हाय फिटर, काय करू वर टाकून?"

"पाण्यात नको टाकू. लांब टाक म्हणून सांगतंय."

एरवी हा माणूस हळू बोलणारा. मासा त्यानं स्वतः उचलला, बांधावरनं पलीकडं नेऊन टाकला. मग मला सांगायला लागला. ह्याला सकर म्हणतात. लोक शोभेला पाळतात, मोठा झाला की धरणात सोडतात, पुण्य म्हणून. पाणी तापलं, घाण झालं, तर दुसरी मासळी मरते. हा वर येऊन हवा गिळतो आणि जगतो. काठाला बिळं करतो, त्यात अंडी घालतो, दुसऱ्यांची अंडी खातो, जाळी फाडतो.

"माझ्या समोर दुसऱ्यांदा," तो म्हणाला. "तिथं शिंपलां, हितं हा."

मी खाली वाकून बघितलं. मासा तोंड उघडत होता, मिटत होता. गोल तोंड, खालच्या बाजूला, काच चाटणारं. मी ते तोंड ओळखलं.

घरी आलो, भाकरी खाल्ली नाही. आमच्या तळ्याचा सांडवा ओढ्याला, ओढा धरणाला. तळं भरून सांडलं की दोघी धरणात. मग ज्याची जाळी फाटतील तो कुणाला शिव्या देणार? माझ्या कारभारणीच्या नावानं सोडलेल्या त्या. आयुष्यात तिनं कुणाचं सुतळीच्या तोड्याएवढं नुकसान केलं नाही. आणि मी तिच्या नावानं हे करून ठेवलं, हात जोडून.

पाच दिवस गप्प राहिलो. सांगायचं कसं? सांगितलं असतं तर ती मेल्यावर वाईट ठरली असती, असं काहीतरी डोक्यात बसलं होतं. सहाव्या दिवशी मे महिन्यातच आभाळ आलं. आताशा हे असंच. वळीव म्हणावा तर वळीव नाही, चार-चार दिवस पडत राहतो. तळं काठोकाठ होतं, मीच धरणाचं पाणी ओढून भरलेलं. मी उठलो आणि फिटरच्या खोलीवर गेलो. दारातच सगळं सांगून टाकलं.

तो रागावेल असं वाटलं होतं. त्यानं तीन गोष्टी विचारल्या. "किती सोडलात?"

"दोन."

"तळ्याक प्लॅस्टिकचा कागद आसा?"

"हाय. पण एका कोपऱ्यात फाटलाय. रेडकू उतरलं हुतं."

"कागदात बीळ करूक गावणा नाय," तो म्हणाला. "फाटलेला मात्र बघूक होया. चला. वाट कसली बघताय?"

तळं लहान, पाच गुंठ्यांचं. दोन मोटारी लावल्या, पाणी उसात सोडलं. दोन दिवस लागणार होते, कारण लाईट दिवसाची आठ तास. मोटारीच्या पाइपाच्या तोंडाला बांधायला बारीक फडकं पाहिजे म्हणाला, अंड-पिल्लू काही पलीकडं जायला नको. मी घरातनं तिचं लुगडं आणलं. त्यानं ते हातात घेतलं, बघितलं, माझ्याकडं बघितलं.

"दुसरा काय नाय?"

"तिच्याच जावा हायत," मी म्हणालो. "तिलाच आडवू द्या."

त्यानं चार पदरी करून घट्ट बांधलं.

वरनं ढग काळे आणि मी उसाला पाणी पाजतोय, हे बघून बांधावरनं जाणाऱ्यांच्या टिंगलीला ऊत आला. शेजारचे तात्या सायकल थांबवून म्हणाले, "आबा, पावसाच्या तोंडावर पाणी देताय व्हय? का ऊस पोहायला शिकवायचाय?"

"माझा ऊस हाय. बुडवीन न्हायतर पाजीन," मी म्हणालो.

"वहिनी गेल्यापासनं आबाचं बिनसलंय," ते जाताना म्हणाले, मला ऐकू जाईल असं.

फिटर सगळं ऐकत होता. खरं कारण सांगून टाकलं असतं तर माझी टिंगल थांबली असती. तो तात्यांना एवढंच म्हणाला, "मोटारीची टेस्टिंग चालू आसा."

दुसऱ्या दिवशी दुपारी तळ दिसला. गुडघाभर गाळ. थोरली लगेच सापडली, कागदाच्या भिंतीला तोंड लावून चिकटलेली, जशी काचेला असायची. चांगली हातभर झालेली. फिटरनं तिला गोणपाटात धरून हंड्यात घातली. धाकटी दिसेना.

गाळ चाळला. घमेल्यानं उपसला, एकेक घमेलं बांधाच्या पलीकडं नेऊन उलटं केलं. वारा सुटला. लांब पलीकडं विजा दिसायला लागल्या. माझे गुडघे बोलत होते. मी म्हणालो, "मेली असंल."

"हे मरणत नाय," तो म्हणाला. "तो फाटलेला कोपरा खंयचा?"

कागद हातभर फाटला होता, मागं मातीत पोकळी. फिटर पोटावर झोपला आणि खांद्यापर्यंत हात आत घातला. गाल गाळात. आत चाचपत राहिला. मग चेहरा आवळला. बाहेर निघेना तेव्हा मी त्याचे पाय धरून ओढलं. हातात धाकटी, आणि तिच्या पंखाचा काटा त्याच्या तळव्यात रुतलेला. रक्त मनगटावरनं कोपरावर.

"गावली," तो म्हणाला. सोडली नाही.

तिला हंड्यात टाकून, तसाच रक्ताचा हात परत आत घातला. मूठ-मूठ माती काढून कागदावर पसरून बघितली. मीही बघितली. माझी नजर अधू, म्हणून त्यानं दोनदा बघितली. शेवटी टेकून बसला.

"बीळ करूक घेतलेली. पुरा झालेला नाय. अंडी नाय, आबानू. काय नाय."

मी तिथंच गाळात बसलो. रडलो म्हणा. ती गेल्यावर लोकांपुढं रडलो होतो तसं नाही. ते रडणं वेगळं. हे म्हणजे डोक्यावरची पाटी कुणीतरी उतरून घेतल्यासारखं.

त्याचा हात बांधत होतो, तेव्हा त्यानं सांगितलं. न विचारता. बंदराकडनं एक जुना तराफा त्यानंच स्वस्तात आणला होता, ओढत खाडीत. त्याच्या बुडाला ती काळी शिंपलं होती. तेव्हा कुणाला माहीत होतं? त्यानं ती खरवडून काढली आणि तिथंच पाण्यात टाकली. दुसऱ्या वर्षी पहिल्या खांबावर बोटभर दिसली.

"माझ्याचमुळा आली, की येणारच होती, माका ठाऊक नाय," तो म्हणाला. "दुसऱ्या खाड्यांत पण आली. पण पहिली मी बघितलंय आणि घरात बोललंय नाय. आई खडकावर बसून देवाक विचारी, आमचा काय चुकला. मी बाजूक उभा."

म्हणून तो त्या 'बोटभर'पाशी थांबायचा. कारभारीण म्हणाली होती तेच. पोटात कायतरी हाय.

समजूत घालणं मला जमत नाही. मी म्हणालो, "मला पाच दिवस जड गेलं. तुमी इतकी वर्सं कसं वागवलं? भावाला सांगा."

"रागावतलो."

"रागवू दे. त्याची पण खाडी हाय."

तो हंड्याकडं बघत म्हणाला, "ह्यांचा काय करायचा?"

काठावरचा प्रत्येक सकर वर फेकणारा तो माणूस. मी म्हणालो, तुमी म्हणाल तसं. मला बघायचं न्हाय, एवढंच. त्यानं धाकटीला निरखलं, हाताला बांधलेलं फडकं निरखलं आणि विचारलं, "जनावरांचा हौद भरलो काय खंय सांडता?"

आमचा हौद सिमेंटचा, गोठ्यापाशी. कुठंच सांडत नाही. धुतलेलं पाणी उकिरड्यात जातं. दोघी हौदात गेल्या. वर त्यानं लोखंडी जाळी केली, एका बाजूला म्हशीचं तोंड जाईल एवढीच जागा, आणि तिलाही आडवी सळई. पहिल्या दिवशी म्हैस फुरफुरून मागं सरली आणि दावं तोडायला निघाली. आता सवय झालीय. हौदाला शेवाळ नाही, आमच्या गावात एवढा स्वच्छ हौद दुसरा नाही. तात्यांनी विचारलं, काय घालता? मी म्हणालो, घरच्या बायका पुसत्यात.

पाऊस त्याच संध्याकाळी आला आणि चार दिवस पडला. तळं पुन्हा भरलं, सांडलं. मी छत्री घेऊन सांडव्याजवळ खुर्ची टाकून बसलो होतो. पाणी ओढ्याला लागलं, ओढा धरणाला. नुसतं पाणी. मी बघत राहिलो. कितीतरी दिवसांनी भूक लागली.

गणपतीच्या आधी फिटरनं कारखान्याचा हिशोब केला. गावाला जातो म्हणाला. मी विचारलं, सांगणार? म्हणाला, "सांगतलंय." म्हणजे सांगणार. पुढं महिन्याभरानं फोन आला. भाऊ दोन दिवस बोलला नव्हता, तिसऱ्या दिवशी एक खरवडणी हातात दिली आणि म्हणाला, चल. ओहोटीला दोघं खडक साफ करतात. सगळे होणार नाहीत, तो म्हणाला. आईच्या खडकापासनं सुरुवात केलीय.

त्याला आणखी काय काय विचारायचं होतं. फोनवर मला सुचत नाही.

मला तो दिसतो तो निघाला त्या दिवशीचा, हायवेवरच्या थांब्यावरचा. मी गूळ दिला होता, तो त्यानं पिशवीत सगळ्यात खाली ठेवला. एसटी आली. त्याला खिडकी मिळाली. मी खालनं म्हणालो, पोचल्यावर फोन करा. तो मान हलवत होता. कंडक्टर पुढच्या दाराशी कुणाशी तरी सुट्ट्या पैशांवरनं भांडत होता, त्यामुळं गाडी जरा वेळ उभीच. मला निरोपाचं नीट एखादं वाक्य बोलायचं होतं. ते जुळवून मी वर बघितलं, तर त्याला झोप लागली होती. मान काचेला, तोंड उघडं, वण राहिलेला हात मांडीवर उताणा.

मी काचेवर वाजवलं नाही. झोपू दिला.